‘सर्टिफिकेट तपासू नका’ ही ओळ काढून टाका: संस्थांच्या नेटवर्क विभागांना खुले पत्र

प्रति,
संस्था, महाविद्यालये, रुग्णालये आणि कार्यालये यांच्या नेटवर्क विभागांतील सहकाऱ्यांस,
तसेच वायफाय जोडणीची सूचनापत्रके लिहिणाऱ्या सर्वांस,

स. न. वि. वि.

संस्थेत नवा माणूस रुजू झाला की त्याच्या हाती एक पान पडते. नेटवर्कचे नाव निवडा. ईएपी (ओळख पटवण्याची) पद्धत पीईएपी ठेवा. फेज २ मध्ये एमएसचॅप व्ही२ (पासवर्ड सिद्ध करण्याची रीत) घ्या. सीए सर्टिफिकेटसमोर ‘तपासू नका’ निवडा. आपले नाव आणि पासवर्ड टाका. पाच ओळी, आणि माणूस दोन मिनिटांत जोडला जातो. यातली चौथी ओळ, म्हणजे समोरचा सर्व्हर खरा असल्याचा डिजिटल दाखला (सर्टिफिकेट) आणि त्यावर सही करणारी संस्था (सीए) न तपासण्याची सूचना, तुमच्या बाकीच्या साऱ्या मेहनतीवर पाणी फिरवते. ती काढावी, आणि तिच्या जागी काय लिहावे हे ठरवावे, एवढ्यासाठी हे पत्र.

ही ओळ कुणी वाईट हेतूने लिहीत नाही. ती येते शब्दांच्या ढिलाईतून. ‘वायफायचा पासवर्ड’ हा एकच शब्दप्रयोग आपण तीन निरनिराळ्या गोष्टींना लावतो. पहिली, सगळ्यांना मिळून दिलेला एकच सामायिक पासवर्ड, म्हणजे वायफाय सुरक्षेच्या डब्ल्यूपीए२-पर्सनल या प्रकारातला पीएसके. दुसरी, प्रत्येकाचे स्वतःचे खाते आणि त्याचा पासवर्ड, जो ८०२.१एक्स या प्रवेशनियंत्रणाच्या मानकातून ओळख तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरपर्यंत जातो; हे झाले एंटरप्राइज. तिसरी, खुल्या नेटवर्कला जोडल्यावर ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या पानावर टाकायचा कोड. या तिघांत धोका वेगळा आणि उपायही वेगळा. पण तिन्हींना एकच नाव पडले की पासवर्ड आहे म्हणजे सुरक्षा आहे असा समज होतो, आणि सर्टिफिकेट ही फक्त जोडणीत येणारी कटकट वाटू लागते.

तिसऱ्या प्रकाराबद्दल थोडक्यात. ब्राउझरमधले ते पान, म्हणजे कॅप्टिव्ह पोर्टल, हवेतले काहीही एन्क्रिप्ट करत नाही, म्हणजे इतरांना वाचता येणार नाही असे करत नाही. ते पान उघडण्याआधीच उपकरण नेटवर्कला जोडलेले असते, आणि कोड टाकल्यावरही रेडिओवरच्या फ्रेम (माहितीची पाकिटे) उघड्याच राहतात. खुले नेटवर्क ठेवणे भाग असेल तर त्यावर ओडब्ल्यूई सुरू करा. त्यात पासवर्ड न विचारताच प्रत्येक उपकरणाशी वेगळी किल्ली ठरते. मात्र ओडब्ल्यूई फक्त एन्क्रिप्शन देते. समोरचा अ‍ॅक्सेस पॉइंट खरोखर तुमचा आहे की नाही हे ते सांगत नाही.

पहिल्या प्रकारावर जास्त बोलायला हवे, कारण अनेक विभाग त्यालाच ‘सिक्युअर वायफाय’ म्हणतात. डब्ल्यूपीए२-पर्सनलमध्ये ८ ते ६३ अक्षरांचा पासवर्ड आणि नेटवर्कचे नाव यांवर पीबीकेडीएफ२ ही किल्ली काढण्याची गणिती क्रिया ४०९६ वेळा चालवून २५६ बिटांची मूळ किल्ली निघते. नेटवर्कचे नाव तेच आणि पासवर्ड तोच असला की सगळ्यांची मूळ किल्लीही तीच. प्रत्येक जोडणीची वेगळी किल्ली चार संदेशांच्या हँडशेकमध्ये (जोडणीच्या सुरुवातीच्या देवाणघेवाणीत) ठरते, पण त्यासाठी लागणारे दोन्ही यादृच्छिक आकडे हवेत उघडे जातात. म्हणून ज्याला पासवर्ड माहीत आहे आणि ज्याने तुमचा हँडशेक टिपला आहे, त्याला तुमची वाहतूक वाचता येते. पासवर्ड माहीत नसला तरी तो टिपलेला हँडशेक घरी नेऊन त्यावर शब्दयादी चालवता येते, आणि त्या वेळी तुमच्या लॉगमध्ये एकही नोंद पडत नाही. डब्ल्यूपीए३-पर्सनलमधल्या एसएई या पद्धतीने हे दोन्ही प्रश्न सुटतात: घरी बसून अंदाज लावता येत नाही, आणि पुढे पासवर्ड फुटला तरी जुनी टिपलेली वाहतूक उलगडत नाही. तरीही पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असतो, तेव्हा त्यांच्यापैकी कुणीही त्याच नावाचा खोटा अ‍ॅक्सेस पॉइंट उभा करू शकतो. शंभर माणसांना माहीत असलेल्या गोष्टीने कुणा एकाची ओळख पटत नाही.

म्हणून तुम्ही एंटरप्राइजकडे वळलात, आणि ते योग्यच केलेत. आता इथले शब्द नीट घेऊ.

निविदांमध्ये आणि खरेदीच्या यादीत ‘८०२.११एक्स’ असे वारंवार लिहिलेले दिसते. या नावाचे कोणतेही मानक नाही. आयईईईचे ८०२.११ हे रेडिओवरच्या स्थानिक नेटवर्कचे मानक. ते १९९७ साली २ मेगाबिटच्या वेगाने सुरू झाले आणि ८०२.११एन, ८०२.११एसी, ८०२.११एएक्स या त्याच्या दुरुस्त्या. त्यांनाच २०१८पासून वाय-फाय अलायन्सने वाय-फाय ४, ५, ६ अशी सोपी नावे दिली. ८०२.१एक्स हे निराळ्या गटाचे, २००१ साली आलेले स्वतंत्र मानक आहे: पोर्टवर येणाऱ्याची ओळख पटेपर्यंत ते पोर्ट बंद ठेवते, मग पोर्ट वायरचे असो वा रेडिओचे. आयईईईच्या रिवाजात स्वतंत्र मानकाचे अक्षर रोमन लिपीत मोठे आणि दुरुस्तीचे छोटे लिहितात, म्हणून ८०२.१एक्समधला एक्स मोठा असतो. निविदेत ‘८०२.११एक्स’ लिहिल्यावर पुरवठादार वेगाच्या कोणत्याही दुरुस्तीचे उपकरण आणून देऊ शकतो, आणि प्रवेशनियंत्रणाची अट कागदावर कुठेच उरत नाही.

असाच दुसरा गोंधळ ‘वाय-फाय ६ घेतले म्हणजे डब्ल्यूपीए३ आले’ हा. २०२०च्या जुलैपासून नव्याने प्रमाणित होणाऱ्या उपकरणांत डब्ल्यूपीए३ची सोय असणे सक्तीचे झाले, हे खरे. पण सोय असणे वेगळे आणि ती चालू असणे वेगळे. आठ वर्षांपूर्वीची सेटिंग नव्या कंट्रोलरवर जशीच्या तशी उतरवली, तर नव्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर टीकेआयपी हे जुनेच एन्क्रिप्शन चालत राहते. त्यात वेगही जातो: टीकेआयपी किंवा त्याहून जुने डब्ल्यूईपी निवडले की ८०२.११एन आणि त्यापुढचे वेग मिळत नाहीत, उपकरण ५४ मेगाबिटवर अडकते. ‘टीकेआयपी/एईएस’ असा मिश्र पर्याय ठेवल्यास प्रत्येकाची स्वतःची किल्ली एईएस या नव्या एन्क्रिप्शनची असली तरी सगळ्यांना जाणाऱ्या ब्रॉडकास्ट फ्रेम टीकेआयपीवर उतरतात. वेग मंद असल्याची तक्रार आली तर चॅनल बदलण्याआधी ही एक नोंद पाहा.

८०२.१एक्समध्ये तीन पात्रे असतात. सप्लिकंट म्हणजे वापरणाऱ्याच्या उपकरणातला जोडणी मागणारा भाग. ऑथेंटिकेटर म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट किंवा स्विच. ऑथेंटिकेशन सर्व्हर म्हणजे बहुधा तुमचा रेडियस. नाव फसवे आहे: ऑथेंटिकेटर स्वतः काहीही ऑथेंटिकेट करत नाही, तो फक्त ईएपीचे संदेश इकडून तिकडे पोचवतो आणि शेवटच्या निकालानुसार दार उघडतो. पीईएपी किंवा त्याच जातीच्या टीटीएलएसमध्ये आधी सप्लिकंट आणि सर्व्हर यांच्यात टीएलएसचा, म्हणजे एन्क्रिप्ट केलेला, बोगदा उभा राहतो आणि पासवर्डचा व्यवहार त्या बोगद्यात होतो. बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला कोण बसले आहे, हे सांगणारी एकच गोष्ट असते: सर्व्हरचे सर्टिफिकेट. ‘तपासू नका’ म्हणजे बोगदा बांधा, पण पलीकडे कोण आहे ते विचारू नका.

नेटवर्कचे नाव हा पुरावा नाही. ती ३२ बाइटपर्यंतची एक पाटी आहे आणि ती कुणालाही लावता येते. तीच पाटी लावलेला दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट प्रवेशद्वाराबाहेर ठेवला आणि त्याचा सिग्नल जोरदार असला, की खिशातला फोन मालकाला न विचारता त्याच्याकडे वळतो. मग काय होते ते पाहा. टीटीएलएसच्या आत पीएपी वापरत असाल तर खोट्या सर्व्हरला पासवर्ड उघडाच मिळतो. एमएसचॅप व्ही२ वापरत असाल तर त्याला आव्हान (उत्तर काढण्यासाठी दिलेला यादृच्छिक आकडा) आणि त्याचे २४ बाइटांचे उत्तर मिळते. हे उत्तर बनते असे: पासवर्डचा १६ बाइटांचा हॅश (पासवर्डपासून गणिताने काढलेली ठराविक लांबीची खूण) शून्ये लावून २१ बाइट केला जातो, त्याचे सात-सात बाइटांचे तीन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा डीईएस या जुन्या एन्क्रिप्शनची किल्ली बनतो. तिसऱ्या तुकड्यात खरे बाइट फक्त दोन, म्हणजे ६५,५३६ शक्यता. उरलेले दोन तुकडे एकाच आव्हानावर चालतात, म्हणून एकाच ५६ बिटांच्या शोधात दोन्ही सापडतात. मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी २०१२ साली हे जाहीरपणे करून दाखवले. म्हणजे इथे पासवर्ड कितीही लांब ठेवला तरी वाचवत नाही; हॅश हाती लागतोच, आणि पुढच्या जोडणीला तेवढा हॅशच पुरतो.

एमएसचॅप व्ही२मध्ये सर्व्हरलाही आपल्याला पासवर्ड ठाऊक असल्याचे सिद्ध करावे लागते, असा एक बचाव नेहमी पुढे येतो. ते खरे आहे. पण सर्व्हरची पाळी सप्लिकंटने उत्तर दिल्यानंतर येते. फोन ‘जोडणी झाली नाही’ असे सांगतो, तोवर हवे ते निघून गेलेले असते. वापरणारा पुन्हा प्रयत्न करतो, या वेळी खऱ्या अ‍ॅक्सेस पॉइंटला जोडला जातो, आणि मघाशी काय झाले हे त्याला कधीच कळत नाही. बहुतेक संस्थांत तोच पासवर्ड मेल, पगारपत्रक आणि रुग्णांच्या नोंदी उघडतो. वायफायच्या सोयीसाठी लिहिलेल्या एका ओळीने हे सगळे पणाला लावलेले असते.

आता उपाय. सगळ्यांत चांगला मार्ग ईएपी-टीएलएस: प्रत्येक उपकरणाला स्वतःचे सर्टिफिकेट द्या आणि पासवर्ड या व्यवहारातून काढूनच टाका. संस्थेच्या मालकीच्या संगणकांवर ते व्यवस्थापन प्रणालीतून उतरवता येते, त्यामुळे सुरुवात तिथूनच करा. विंडोज ११च्या २२एच२ आवृत्तीपासून पात्र संगणकांवर क्रेडेन्शियल गार्ड हे पासवर्ड जपणारे संरक्षण आपोआप चालू होते आणि लॉगइनचाच पासवर्ड एमएसचॅप व्ही२ला परस्पर वापरू देत नाही. म्हणजे पीईएपीची वाट तिकडूनही अरुंद होत चालली आहे. सगळीकडे टीएलएसवर जायला वेळ लागेल हे आम्ही जाणतो. तोवर पीईएपी ठेवा, पण सर्व्हरची तपासणी आजच सुरू करा.

तपासणीचे भाग दोन, आणि दोन्ही लागतात: कोणत्या सीएने सही केली, आणि सर्टिफिकेटवर नाव कोणाचे आहे. सार्वजनिक सीएचे सर्टिफिकेट घेतले आणि नाव तपासले नाही, तर त्याच सीएकडून स्वतःच्या डोमेनचे सर्टिफिकेट घेतलेला कुणीही तुमचा सर्व्हर म्हणून खपतो. आमचे मत असे की या कामासाठी संस्थेची स्वतःची खासगी सीए बरी. मूळ सर्टिफिकेट १० ते २० वर्षांचे ठेवा आणि त्याची खासगी किल्ली नेटवर्कला न जोडलेल्या यंत्रावर सांभाळा. रेडियस सर्व्हरचे सर्टिफिकेट दोन वर्षांच्या आतले असावे. त्याचे डीएनएस नाव सर्टिफिकेटच्या एसएएन (पर्यायी नावे) या रकान्यात आणि कॉमन नेममध्येही लिहा, वापराच्या नोंदीत सर्व्हर ऑथेंटिकेशन हवे, किल्ली आरएसए २०४८ किंवा अधिक, सही एसएचए-२५६ची. वाइल्डकार्ड (अनेक सर्व्हरांना चालणारे तारांकित) नाव टाळा. रेडियस सर्व्हर दोन असले तरी दोन्हींवर नाव एकच ठेवा, म्हणजे वापरणाऱ्याला पर्यायी सर्व्हरवर गेल्यावर नवा प्रश्न पडणार नाही. मधल्या सीएचे सर्टिफिकेट सर्व्हरनेच सोबत पाठवायचे असते. ते राहून गेल्यामुळे काही फोन जोडतात आणि काही जोडत नाहीत, अशी कोडी तयार होतात.

सार्वजनिक सीएच वापरायची असेल तर मुदतीचा हिशेब आधी मांडा. सीए/ब्राउझर फोरमच्या २०२५च्या निर्णयानुसार सार्वजनिक टीएलएस सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९पासून ४७ दिवस होते. ज्या उपकरणांनी सीए आणि नाव न पाहता थेट ते एक सर्टिफिकेट लक्षात ठेवले आहे, ती दर नूतनीकरणाला अडतील. आयफोन हाताने जोडला की सर्टिफिकेट दाखवून ‘विश्वास ठेवा’ असे बटण देतो. वर्षातून सात-आठ वेळा ते बटण दाबायची सवय लागलेला माणूस खोट्या सर्टिफिकेटलाही तेच करेल.

म्हणून हाताने जोडणी करायला सांगूच नका, तयार प्रोफाइल द्या. अ‍ॅपलच्या उपकरणांसाठी कॉन्फिगरेशन प्रोफाइल असते. त्यात सीए आणि विश्वासू सर्व्हरची नावे दोन्ही भरा. विंडोजसाठी वायफाय प्रोफाइलची एक्सएमएल फाइल असते. तिच्यात सर्व्हरचे नाव, निवडलेली मूळ सीए, आणि वापरणाऱ्याला नवा सर्व्हर मान्य करायला विचारू नये ही खूण, असे तिन्ही लागते. अँड्रॉइडवर ११व्या आवृत्तीच्या डिसेंबर २०२०च्या अद्यतनापासून ‘तपासू नका’ हा पर्याय निघत गेला आहे. त्यामुळे जुने पान घेऊन आलेल्याला ती ओळ फोनवर सापडतच नाही आणि तो चाचपडत काहीतरी निवडतो. तिथे सीए आणि डोमेन हे दोन्ही रकाने भरायला सांगा. लिनक्सवरच्या डब्ल्यूपीए सप्लिकंटकडे विशेष लक्ष द्या: सीएची फाइल दिली नाही, तर तो कोणतीही तक्रार न करता सर्व्हर तपासणे सोडून देतो. आणि सगळ्याच प्रोफाइलमध्ये बाहेरची ओळख निनावी ठेवा, नाहीतर बोगद्याच्या आधीच खातेदाराचे नाव हवेत उघडे जाते.

हे सुरू केले की काही अडचणी हमखास येतील. त्या येताच कुणीतरी म्हणेल की जुनी ओळ परत घाला. तेव्हा कारणे आधीच माहीत असू द्या. उपकरणाचे घड्याळ चुकले असेल तर सर्टिफिकेट ‘अजून वैध नाही’ किंवा ‘मुदत संपली’ ठरते, आणि नेटवर्क नसल्याने घड्याळही आपोआप सुधारत नाही; आधी तारीख हाताने लावा. पासवर्डवाले जोडतात, पण ईएपी-टीएलएसवाले तीन-चार फेऱ्यांनंतर अडकतात, असे दिसले तर सर्टिफिकेटमुळे मोठे झालेले रेडियसचे पॅकेट वाटेत तुटते आहे आणि मधली फायरवॉल दुसरा तुकडा टाकून देते आहे, असे समजा. सर्व्हरवरचा ईएपी तुकड्याचा आकार १०२४ ते १२०० बाइट करा आणि फायरवॉलला यूडीपीचे तुकडे सोडायला सांगा. रेडियसकडे विनंती पोचतच नसेल तर पोर्ट पाहा: ऑथेंटिकेशन १८१२ आणि अकाउंटिंग १८१३, जुन्या उपकरणांवर अजून १६४५ आणि १६४६ असतात. ओळख पटते, पण माणूस चुकीच्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या आतल्या वेगळ्या विभागात) जातो, तर तो ऑथेंटिकेशनचा (ओळख पटवण्याचा) दोष नव्हे, ऑथरायझेशनचा (कुणाला कुठे जाऊ द्यायचे ते ठरवण्याचा). परत येणाऱ्या संदेशात टनेल-टाइप १३, टनेल-मीडियम-टाइप ६ आणि प्रायव्हेट-ग्रुप-आयडीमध्ये व्हीलॅनचा क्रमांक, हे तिन्ही आहेत का ते तपासा. ऑथेंटिकेशन आणि ऑथरायझेशन या दोन शब्दांतला फरक मदतकक्षातल्या माणसाला माहीत असला, तर तक्रार पहिल्याच फोनवर योग्य टेबलावर जाते.

रेडियसबद्दल आणखी एक गोष्ट राहते. अ‍ॅक्सेस पॉइंट आणि सर्व्हर यांच्यातले सामायिक गुपित एमडी५ या जुन्या हॅश पद्धतीच्या आधाराने वापरले जाते, आणि प्रत्येक जोडणीची मुख्य किल्ली त्याच गुपिताखाली अ‍ॅक्सेस पॉइंटकडे जाते. फ्रीरेडियसच्या नमुना फाइलमधले ‘टेस्टिंग१२३’ तसेच राहिलेले असेल तर ते आजच बदला. प्रत्येक ऑथेंटिकेटरला वेगळे, किमान २४ यादृच्छिक अक्षरांचे गुपित द्या. जुलै २०२४मध्ये जाहीर झालेल्या ब्लास्ट-रेडियस हल्ल्यात वाटेत बसलेला माणूस नकाराचा संदेश होकारात बदलू शकतो. ईएपीच्या विनंत्यांना त्याची बाधा होत नाही, कारण त्यांत मेसेज-ऑथेंटिकेटर (संदेश वाटेत बदलला नाही हे दाखवणारी खूण) असावाच लागतो. पण प्रिंटर आणि कॅमेऱ्यांसाठीचा मॅक बायपास (पासवर्डऐवजी उपकरणाच्या मॅक पत्त्यावर दिलेला प्रवेश) आणि स्विचवरचे प्रशासकाचे लॉगइन अनेकदा त्याशिवाय चालतात. दोन्ही टोकांना मेसेज-ऑथेंटिकेटर सक्तीचा करा. सर्व्हर दुसऱ्या इमारतीत किंवा दुसऱ्या शहरात असेल तर रॅडसेक वापरून ती वाहतूक टीएलएसमधून, टीसीपी २०८३वरून न्या.

मॅक पत्त्यांची यादी आणि लपवलेले नेटवर्कनाव यांना तुमच्या दस्तऐवजात ‘सुरक्षा’ म्हणू नका. मॅक पत्ता एन्क्रिप्ट केलेल्या फ्रेमवरही उघडा असतो. शिवाय अँड्रॉइड १० आणि आयओएस १४पासून फोन स्वतःच प्रत्येक नेटवर्कला वेगळा बनावट पत्ता दाखवतात, त्यामुळे यादी सांभाळणाऱ्याचेच काम वाढते.

डब्ल्यूपीए३-एंटरप्राइजकडे जाताना पीएमएफ, म्हणजे व्यवस्थापन फ्रेमचे संरक्षण, सक्तीचे होते. आधी ते ‘ऐच्छिक’ ठेवून कोणती जुनी उपकरणे अडतात ते काही आठवडे पाहा. ६ गिगाहर्ट्झवर डब्ल्यूपीए२ मुळीच चालत नाही, म्हणून वाय-फाय ६ई किंवा ७ची खरेदी ठरली असेल तर ही चाचणी खरेदीच्या आधी हवी. ‘१९२ बिट’ ही खूण मात्र मोठा आकडा दिसतो म्हणून लावू नका: तिला ईएपी-टीएलएस, ३०७२ बिटांहून लहान नसलेली आरएसए किंवा पी-३८४ वक्र, आणि जीसीएमपी-२५६ एन्क्रिप्शन हे सगळे एकदम लागते. यातले एक जरी एखाद्या उपकरणाला जमले नाही, तर ते जोडलेच जात नाही.

पानावर आता काय लिहायचे, त्याचा मसुदा आम्ही देतो. आपापली नावे भरून तो वापरावा:

‘हे नेटवर्क फक्त संस्थेने दिलेल्या प्रोफाइलने जोडा. प्रोफाइल संस्थेच्या संकेतस्थळावरून, मोबाइल डेटा किंवा वायरच्या जोडणीवरून उतरवा. हाताने जोडावे लागलेच तर सीएच्या जागी संस्थेची सीए आणि डोमेनच्या जागी आमच्या रेडियस सर्व्हरचे पूर्ण नाव भरा. जोडताना किंवा नंतर कधीही सर्टिफिकेट मान्य करण्याबद्दल विचारणा झाली, तर नकार द्या, ठिकाण आणि वेळ टिपून ठेवा आणि मदतकक्षाला कळवा.’

शेवटच्या वाक्यासाठी मदतकक्षात नोंदवही हवी. एकाच जागेवरून एकाच दिवशी अशा दोन तक्रारी आल्या, तर त्या जागी जाऊन हवेत त्या नावाचे कोणते अ‍ॅक्सेस पॉइंट दिसतात ते पाहा, आणि त्यांचे बीएसएसआयडी (प्रत्येकाचा रेडिओवरचा पत्ता) तुमच्या यादीशी ताडून बघा.

कळावे,
वायरलेस नेटवर्क उभारणारे आणि तपासणारे काही अभियंते